दोन रकाने

फॉर्मवर दोनच रकाने : मूळचं, लावलेलं.
मी पेन्सिल कानामागे खोचून उभी
आणि ओपानीन बेदियाको झाडाशी जातात
बहिऱ्या शेजाऱ्याच्या दाराशी जावं तसे.
आधी तळहातानं थोपटतात,
मग कोयत्याच्या पाठीनं, एकदाच.

मोतीबिंदू पिकलाय त्यांचा.
कुमासीच्या डॉक्टरनं तारीख दिली होती, गेले नाहीत.
"वर काय बघायचंय, सेरवा?
पानं तिकडे आभाळात. ती माकडांनी ओळखावीत.
माणसाच्या उंचीला साल असते."

एक तिरका घाव, अंगठ्याएवढा.
पांढरा चीक मनगटावर येतो, बोटं चिकटतात :
ओडूम. याच्याखाली मोठ्यानं बोलू नये म्हणतात,
म्हणून नाव मी हळूच लिहिते.
पुढचं आतून हळदीसारखं पिवळं, बुंध्याला
भिंतीसारखी उभी पातळ मुळं : ओफ्राम.
ओन्यिनाला काटे. म्हातारपणी झडतात.
(बेदियाकोंचे मात्र वाढलेत, असं त्यांची बायको म्हणते.)

मग एक लालसर कपची ते माझ्या जिभेवर ठेवतात.
कडूजहर.
महॉगनी.
हे मला कॉलेजनं शिकवलं नाही.
तापात आई याचंच पाणी पाजायची, नाक दाबून.
हे झाड मी घशानं ओळखते.

ओढा ओलांडला की पायाखालचा आवाज बदलतो.
परातीएवढी वाळकी पानं, खरखरीत,
कुणी कागद चुरगाळत मागून येतंय असं वाटतं.
साग. कोवळं पान चोळलं तर बोटं लाल होतात
आणि रुमालाला पुसूनही जात नाहीत.
"पाहुणा," ते म्हणतात,
"पण पन्नास वर्षं राहिलाय. एवढं कुणाचे सासरेही राहत नाहीत."
पलीकडे सेड्रेला, तोही बाहेरचा :
साल खरवडली तर लसणाचा वास,
मला भूक लागली.

इथं काम सोपं. दोरी धरून आखलेली रांग,
चार पावलांवर एक झाड.
लावलेलं, लावलेलं, लावलेलं.
पेन्सिल बोथट झाली.

रांगेच्या टोकाला एक झाड वेगळं.
थोपटलं. ठोकलं. घाव. लाल.
मीच कपची उचलून चाखली, आणि
"महॉगनी!" म्हणून मूळच्या रकान्यात टोक टेकवलं.

"थांब."
ते मागे सागापर्यंत गेले,
तिथून पावलं मोजत आले.
एक. दोन. तीन. चार.

"रोपं मोजून द्यायचे. एक मेलं माझं.
खड्डा रिकामा दिसला की मजुरी कापत.
मग रात्री ओढ्यापलीकडून हे उपटून आणलं,
मुळाची माती मुठीत आवळून.
साहेबाला म्हटलं, साग आहे."
"त्याला कळलं नाही?"
"साहेब वाकला नाही."

कमरेच्या उंचीला सालीवर जुने चौकोन होते,
कडा फुगून आत वळलेल्या, ओठ मिटावेत तशा.
एकावर एक, किती वर्षांचे कोण जाणे.
त्यांनी ते बोटांनी वाचले.
"ताप आलेल्या पोरांचे," ते म्हणाले.
"तुझी आईसुद्धा इथंच यायची.
ओढ्याला पाणी असलं की पलीकडे जायला भ्यायची."

मी काही विचारलं नाही.
टेप बुंध्याभोवती फिरवली,
पलीकडून टोक त्यांनी चाचपडत माझ्या हातात दिलं.

घेर : दोनशे चौदा सेंटिमीटर.
उंची : अंदाजे.
साल : करडी, खवल्यांची, गोल गोल निघते.
चव : असा रकाना नाही, तरी लिहिलं.
त्या दोन चौकटी तशाच ठेवल्या.
सुन्यानीच्या ऑफिसात कुणी विचारलंच
तर म्हणेन, टोक मोडलं होतं.

बेदियाको पुढं निघालेसुद्धा,
हात समोर धरून, पुढच्या झाडाकडे.
मी पाण्याची बाटली उघडली
आणि मग, का कोण जाणे, प्यायले नाही.